विलो फोर्कच्या ओढ्यातला गोटा

विजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या फलाटावर गाडी बदलत होतो. फोन दाजींचा. नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले, "हेमंत, ताई गेली रे. पहाटे. झोपेतच." मी म्हणालो, येतो. फोन खिशात ठेवला आणि मनात जो पहिला विचार आला तो तिचा नव्हता. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या एका दगडाचा होता. आता त्या दगडाचं काय होणार?... अशा वेळी काय सुचावं ते आपल्या हातात नसतं, असं स्वतःला समजावत मी आइंडहोवनच्या गाडीत बसलो. पण तो विचार का आला हे मला पक्कं ठाऊक होतं. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. ताईवर काही लिहायचं तर ते बाजूला ठेवून लिहिता येणार नाही, म्हणून त्याच्यासकट लिहितो आहे.

विजूताई म्हणजे विजया मोहिते. माझी सख्खी बहीण नव्हे, नात्यातलीही नव्हे. तिचे यजमान, ज्यांना मी पुढे दाजी म्हणू लागलो, ते आइंडहोवनजवळ फेल्डहोवनला चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मला सीनियर होते. मी नवा आलो होतो, बायको आणि मुलगी अजून पुण्यात होत्या, आणि एका शुक्रवारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. दार उघडल्या उघडल्या ताईने विचारलं, कुठला तू? मी म्हणालो, पुण्याचा. "पुण्याचा कुणी नसतो," ती म्हणाली, "त्याच्या आधीचा सांग." सातारा जिल्हा, मी म्हणालो. जिल्ह्यात कुणी राहतं का, गाव सांग. गाव सांगितलं. मग गावात घर कुठल्या अंगाला, मारुतीच्या अलीकडे की पलीकडे, शेजारी कोण, पाणी कुठून भरायचात... माझा एक बूट पायात आणि एक हातात. आतून दाजी म्हणाले, "अगं, त्याला आत तर येऊ दे. इमिग्रेशनवाल्यांनी एवढं विचारलं नाही त्याला." त्यावर तिचं उत्तर, "त्यांना काय, पासपोर्ट दिसला की भागतं." त्या वर्षीच्या भाऊबिजेला तिने मला ओवाळलं, आणि तेव्हापासून मी तिचा भाऊ झालो.

ती कराडच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली आणि नोकरी गेली. पहिली काही वर्षं फार वाईट गेली असणार, पण त्याबद्दल ती एवढंच म्हणायची की बडबड्या बाईला देवाने मुक्यांच्या देशात आणून सोडलं. मग ती डच शिकली, क्लासात थोडी आणि कुंपणावरून जास्त. कुंपणापलीकडे आन्सबाई राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. ताईला त्या 'विया' म्हणायच्या. ताई त्यांना चकल्या द्यायची, त्या ताईला लोण्याचा केक द्यायच्या, आणि दोघी हिवाळ्यातसुद्धा कोट घालून कुंपणाशी उभ्या असायच्या.

आन्सबाईंमुळेच हे सगळं सुरू झालं. इथे दक्षिणेला, लिम्बुर्गमध्ये, अमेरिकन सैनिकांचं एक मोठं स्मशान आहे. हिरव्या उतारावर पांढऱ्या क्रुसांच्या रांगाच रांगा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्या भागातल्या घराघरांनी एकेक कबर दत्तक घेतली. म्हणजे तिथे फुलं न्यायची, वाढदिवस ठाऊक असेल तर त्या दिवशी जायचं, आणि आपण थकलो की घरातल्या पुढच्या माणसाकडे ती सोपवायची. आन्सबाईंना ती त्यांच्या आईकडून आली होती. त्यांचा एक मुलगा कॅनडात, दुसऱ्याला असल्या गोष्टींत रस नाही. डोळे अधू झाल्यावर त्यांचं गाडी चालवणंही बंद झालं. तेव्हा एका शनिवारी त्या, ताई आणि गाडी चालवायला मी, असे आम्ही तिथे गेलो. जाताना त्यांनी ताईला विचारलं, माझ्यानंतर तू घेशील का ही कबर? दाजी-ताईंना मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. पण 'दत्तक' हा शब्द तिने गाडीत मला समजावून सांगण्याच्या निमित्ताने दोन-तीनदा उच्चारून पाहिला, एवढं मला आठवतं.

क्रुसावर नाव होतं. लेस्टर आणि पुढे आडनाव. हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि राज्याचं नाव, नेब्रास्का. ताई वाकून बघत राहिली. मग क्रुसाच्या मागे जाऊन बघून आली. मग आन्सबाईंना म्हणाली, गाव? त्यांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं फुलं आणताय आणि याचं गाव विचारलं नाही? आन्सबाई हसल्या. "आम्ही फुलं आणतो, विया. चौकशा करत नाही."

परतताना ताई बराच वेळ गप्प होती, जे तिच्या बाबतीत काळजी करण्यासारखं होतं. मग तिने मला तिच्या माहेरच्या गावातली पाटी सांगितली. आमच्या भागात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत बसवलेला संगमरवर, त्यावर इंग्रजांनी कोरून ठेवलेलं की या गावातून पहिल्या महायुद्धाला इतकी माणसं गेली आणि त्यातली इतकी मेली. नुसता आकडा. तिच्या आजीचा एक चुलता त्या न परतलेल्यांत होता म्हणे. कुठल्या मुलखात पडला कुणाला ठाऊक नाही, आणि आजी गेल्यावर त्याचं नावही कुणाला आठवेना. "आमच्याकडे गाव आहे, पण माणसाचं नाव नाही," ती म्हणाली, "आणि ह्याचं नाव आहे, तर गाव नाही. नेब्रास्का काय? महाराष्ट्र म्हटलं की झालं का?"

मला वाटलं, विषय संपला. पण तिचा विषय संपत नसे. पुढचे कित्येक महिने ती अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांची पानं कॉम्प्युटरवर चाळत होती, कुठल्या कुठल्या वाचनालयांना फोन करत होती, आणि एके दिवशी मी दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच तिने जाहीर केलं, "सापडलं. विलो फोर्क." नकाशावर ते एक ठिपका होतं, तेही नकाशा बराच मोठा केल्यावर. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये एका वेळी जेवायला बसतात त्याहून कमी माणसांचं गाव. एक रस्ता, धान्य साठवायचं एक उंच कोठार, पोस्ट ऑफिस, पोस्टासमोर युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला शिलालेख, आणि बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत गावाचं स्वतःचं म्युझियम. ते मार्लिन नावाच्या बाई आठवड्यातून एकदा उघडायच्या. बँकेची तिजोरी अजून तिथेच होती आणि तिच्यात आता नाताळची सजावट ठेवत.

मार्लिन आणि विजूताई यांचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. दर रविवारी संध्याकाळी, तिकडे चर्च सुटल्यावर, फोन यायचा. ताईचं इंग्रजी कराडच्या शाळेतलं, ठाशीव. मार्लिनबाईंचं सावकाश, पसरट. दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं. एकीला सांगायचं होतं, आणि तिच्या गावात ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. दुसरी ऐकायला टपलेलीच. फोन ठेवला की ताईकडून ते आम्हाला ऐकावं लागे. विलो फोर्कची टेलिफोन एक्स्चेंज चालवणारी बाई, जिने पुराच्या वेळी घराघरात फोन करून गाव जागं केलं. तिच्या नावाचा बाक आहे, आणि त्यावर बसायला लोक अजून जरा बिचकतात, कारण तिला सगळ्यांच्या भानगडी माहीत होत्या. तिथला न्हावी, जो शिलालेखापुढे दरवर्षी बिगूल वाजवायचा आणि दरवर्षी एका ठराविक जागी चुकायचा. तो गेल्यावर त्याच्या मुलाने बिगूल वाजवला आणि मुद्दाम तिथेच चुकला. दाजी म्हणायचे, आमच्या घरात दोन गावांच्या बातम्या असतात, एक हिच्या माहेरच्या आणि एक विलो फोर्कच्या, आणि विलो फोर्कच्या जरा ताज्या असतात.

लेस्टर मात्र या सगळ्यांत कुणीच नव्हता. कोठारावर वजनं करणाऱ्याचा मुलगा. ट्रक चालवायचा. मार्लिनबाईंनी कुणाकुणाला विचारून एवढंच शोधलं होतं, की शाळेच्या गाण्यात त्याला घेतलं होतं आणि मधेच हसू येतं म्हणून काढून टाकलं होतं. ताईला ते अतिशय आवडलं. पुढच्या वेळी कबरीपाशी गेलो तेव्हा तिने क्रुसाकडे बघून मराठीत विचारलं, "कशाला हसत होतास रे?"

मग कंपनीने मला कामासाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं, आणि ताईने ठरवलं की परतीच्या वाटेवर मी विलो फोर्कला जायचं. नेब्रास्कातल्या ओमाहाला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, शनिवारी दुपारी पोचायचं. तिने मार्लिनबाईंना सांगूनही टाकलं, माझा भाऊ येतोय. माझ्याकडे तिचं मागणं एकच होतं. लेस्टरचं घर कधीच पाडलं होतं, शाळा बंद होती, पण घरामागचा ओढा होता. "त्या ओढ्यातला एक गोटा घेऊन ये," ती म्हणाली. "बाकी सगळं माणसांनी हलवलं. गोटे कोण हलवतंय? एखादा तरी त्याच्या पायाखालचा असेल. इथे त्याच्यापाशी ठेवू. गावचं काहीतरी पाहिजे ना माणसाजवळ." मी लगेच हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही, आणि पुढे जे झालं त्याला हेही एक कारण आहे.

मी ओमाहाला उतरलो. गाडी घेतली. निघालो. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, बर्फ भुरभुरत होतं पण अडण्यासारखं काही नव्हतं. विलो फोर्क तासाभरावर राहिलं तेव्हा मी कॉफीसाठी हमरस्त्याकडेच्या एका हॉटेलात थांबलो. आणि तिथून मला उठवेना. आदल्या वर्षी माझी आई गेली होती. मला तिकीट मिळालं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. तिकीट मिळालं होतं, पण दुसऱ्या दिवशीचं, आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं म्हणून मी गेलोच नाही. कुणीतरी हात उंच करून धरलेल्या फोनवर मी ते बघितलं. आता इथे परकी माणसं माझी वाट बघत असणार, मला शिलालेखापाशी नेणार, टोप्या काढून उभी राहणार, आणि कधीही न पाहिलेल्या माणसासाठी मी गंभीर चेहरा करून उभा राहायचं... मला त्यांच्या चांगुलपणाची भीती वाटली, दुसरा शब्द नाही. मी ताईला मेसेज केला, 'पोचलो. सगळं छान आहे.' फोन बंद केला, खोली घेतली आणि उरलेला दिवस टीव्हीकडे बघत काढला. सकाळी निघताना हॉटेलच्या दाराशी झुडपांभोवती गुळगुळीत गोटे पसरलेले होते, त्यातला एक उचलून कोटाच्या खिशात टाकला.

परत आल्यावर रविवारी ताईकडे गेलो. तिने थालीपिठं लावली होती. मी गोटा टेबलावर ठेवला. तिने तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "छान आहे." मग नेहमीसारखे प्रश्न सुरू झाले. ओढा केवढा? मी म्हणालो, आपल्याकडे असतो एवढाच. पाणी होतं? थोडं. बाकावर बसलास का? नाही, बर्फ होतं. मार्लिनबाई दिसायला कशा? मी त्यांना चष्मा दिला, उंची दिली. ताई एकेक ऐकत होती, मधूनच 'बरं, मग?' म्हणत होती, आणि मीही हळूहळू रंगत गेलो, म्युझियममधल्या तिजोरीला मी हातसुद्धा लावून आलो.

"त्यांनी खायला काय केलं होतं?" तिने विचारलं.

"कॉफी. आणि बिस्किटं होती."

"बिस्किटं," ती म्हणाली. मग तव्यावरचं थालीपीठ माझ्या ताटात टाकलं, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला. "खा. दमला असशील."

गोटा तिने खिडकीत ठेवला, तुळशीच्या कुंडीशेजारी. इथे खिडकीचा कट्टा ही घराची दर्शनी जागा असते, जाणारा-येणारा तिकडे बघतो. मलाही दर वेळी घरात शिरण्याआधी रस्त्यावरूनच तो दिसायचा. आठवडे गेले, महिने गेले, आन्सबाई वारल्या, लेस्टर रीतसर ताईकडे आला, पण गोटा कबरीपाशी गेला नाही. एकदा मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, तिथे फुलांशिवाय काही ठेवू देत नाहीत. मला इतकं हायसं वाटलं की मी पुढे काही विचारलं नाही. पुढे मी नोकरी बदलून स्लोटरडाइकला गेलो, राहायलाही तिकडेच, आणि अंतर हे चांगलं निमित्त झालं. भाऊबिजेला जायचो, तेही घाईत. रविवारी संध्याकाळी तर कधीच नाही. ती आजारी पडल्यावरसुद्धा जितकं यायला हवं होतं तितका मी आलो नाही. शेवटचा भेटलो तेव्हा ती खुर्चीत उशा लावून बसली होती, फार वाळली होती. निघताना मला म्हणाली, "पाठ कशी आहे रे तुझी?" मी म्हणालो, माझ्या पाठीला काय झालंय? त्यावर ती हसायला लागली, हसता हसता खोकला आला, दाजींनी पाणी दिलं. औषधांमुळे काहीतरी बोलत असेल असं समजून मी निघून आलो.

ती गेली त्या दिवशी दाजी दिवसभर सगळं व्यवस्थित करत होते. डॉक्टर, दहनाची वेळ, कराडला फोन. मग म्हणाले, मार्लिनबाईंना तू कळव, मला नाही जमणार. नाही कसं म्हणणार? आयुष्यात पहिल्यांदा मी विलो फोर्कला फोन लावला. पलीकडून तो सावकाश, पसरट आवाज. मी नाव सांगितलं, बातमी सांगितली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही तो भाऊ." मी हो म्हणालो. आणि त्यांनी विचारलं, "तुमची पाठ कशी आहे आता?"

मग हळूहळू कळलं. त्या शनिवारी मार्लिनबाईंनी म्युझियम खास उघडलं होतं. 'पाय' नावाचा तिकडचा गोड पदार्थ केला होता, साठवणीतल्या रुबार्बच्या आंबट देठांचा. न्हाव्याचा मुलगा बिगूल घेऊन आला होता. मी आलो नाही, बर्फ पडत होतं, म्हणून काळजीने त्यांनी ताईला फोन केला. त्या वेळी तिच्या हातात माझा मेसेज होता, पोचलो, सगळं छान आहे. ती त्यांना म्हणाली, माझ्या भावाची पाठ धरली आहे, हॉटेलातून हलता येत नाही, तुमची फार माफी मागतोय. त्यानंतर इतकी वर्षं दर रविवारी मार्लिनबाई माझी पाठ विचारत होत्या आणि ताई त्यांना काही ना काही सांगत होती. पट्टा बांधलाय. व्यायाम सांगितलेत. भारतातून कसलंसं तेल मागवलंय, त्या तेलाचं नाव काही मार्लिनबाईंना उच्चारता येईना. "माझा नवराही पाठीनेच बेजार होता हो," त्या म्हणाल्या. "जपा."

म्हणजे थालीपिठं लावली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. ओढा केवढा, असं विचारत होती तेव्हाही. मी फोन ठेवून आत आलो तर दाजी कराडच्या गुरुजींशी व्हिडिओवर बोलत होते. गुरुजी काय काय लागेल ते सांगत होते. मडकं, दर्भ, काळे तीळ. आणि एक दगड, अश्मा म्हणून. मडक्याला त्यानेच छेद द्यायचा, आणि मग तोच दहाव्यापर्यंत जपायचा, त्या दिवसांत आपलं माणूस त्यात असतं. दाजींनी विचारलं, कसला दगड? कुठलाही चालेल, गुरुजी म्हणाले. दाजी उठले, खिडकीपाशी गेले आणि तुळशीशेजारचा गोटा उचलून आणला. "हा तिचा," म्हणाले, "हाच घेऊ." मी तिथेच उभा होतो.

दहनगृहाच्या हॉलमध्ये पाणी सांडायला परवानगी नव्हती, म्हणून मडकं बाहेर, हिरवळीच्या कडेला फुटलं. गोट्याने छेद दिला, दाजी खांद्यावर मडकं घेऊन फिरले, कंपनीतली मराठी मंडळी छत्र्या मिटून उभी होती. नंतर तो गोटा एका वाटीत ठेवून दाजींनी देवाजवळ ठेवला, रोज त्याला दूध-पाणी घालत होते. मी रजा काढून तिथेच राहिलो होतो. रोज सकाळी बघायचो. माझी खोटी वस्तू, आणि दाजी तिला हात जोडतायत. तिला ठाऊक होतं, पण दाजींना? ज्या बाईने आयुष्यभर प्रत्येकाचं खरं गाव विचारलं तिला शेवटी एका हॉटेलच्या गोट्यात बसवलं होतं, आणि ते एकट्या मला माहीत होतं. पाण्यात सोडण्याआधी सांगायला हवं होतं. नंतर सांगण्यात अर्थ नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं डोमेल नदीवर गेलो. नदी म्हणायचं, तशी ती ओढ्याएवढीच आहे. सायकलींची वाट, एक लाकडी पूल, पलीकडे घोडे चरत होते. दाजी काठावर बसले, वाटीतला गोटा हातात घेतला. तेव्हा मी सांगितलं. सगळं, आईच्या तिकिटापासून. दाजी पाण्याकडे बघत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हॉटेलचा आहे ते ठाऊक आहे मला. तिनेच सांगितलं होतं. आल्या दिवशीच म्हणाली, ओढ्यातला गोटा एवढा एकसारखा नसतो, हा विकत आणून अंथरलेल्यातला आहे."

"मग तुम्ही हाच का घेतलात?"

"तिने तो एवढी वर्षं खिडकीत ठेवला होता म्हणून." मग म्हणाले, "एकच गोष्ट तिला शेवटपर्यंत कळली नाही. कुठल्या हॉटेलचा. दोन-तीनदा म्हणाली, विचारू का त्याला? मग म्हणायची, नको, येईनासा होईल."

मी येईनासा झालोच होतो.

"कुठलं होतं?" दाजींनी विचारलं.

मला नाव आठवेना. मग जे आठवत होतं ते सांगत गेलो. हमरस्त्याकडेचं, दुमजली, बाहेर तांबडी पाटी. कॉफी देणारा म्हातारा पुन्हापुन्हा खिडकीतून बर्फ बघत होता आणि मला विचारत होता, पुढे कुठे जायचंय. मी त्याला सांगितलं नाही. मागे एक पाण्याची टाकी दिसत होती, तिच्यावर गावाचं नाव लिहिलेलं होतं. दाजी म्हणाले, काय नाव? मी म्हणालो, वाचलं नाही.

"बघ," दाजी म्हणाले, "ती हेच विचारणार."

त्यांनी गोटा माझ्या हातात दिला. दोघांनी मिळून तो पाण्यात सोडला. पाणी उथळ होतं, तळाशी वाळूवर तो काही वेळ दिसत राहिला.

मार्लिनबाईंना मी पुढच्या रविवारी सांगितलं. पाठीचं खरं काय ते, आणि हॉटेलचं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाठ चांगली आहे?" मी म्हणालो, हो. "मग या," त्या म्हणाल्या. "रुबार्ब वसंतात येतो." लेस्टर आता माझ्याकडे आहे. दाजींनी तसं तिथे कळवलं, आणि परवा मी एकटाच जाऊन फुलं ठेवून आलो. शेवटी त्याला एवढंच सांगितलं, विजूताई गेली.

दाजींकडे आता जातो तेव्हा रविवारी संध्याकाळीच जातो. खिडकीत तुळस आहे, तिला पाणी घालायचं काम दाजींनी माझ्यावर टाकलंय. शेजारी दुसरं काही ठेवलेलं नाही. तिच्याच टेबलाशी बसून, नकाशा मोठा करत करत, त्या हमरस्त्यावर माझं हॉटेल शोधून काढलं. मागची पाण्याची टाकीही सापडली. गाव विलो फोर्कहूनही लहान आहे. त्यालाही पोस्ट आहे, पोस्टासमोर एक शिलालेख आहे. चित्रात त्यावरची नावं वाचता येत नाहीत. त्यातलं कुणी लिम्बुर्गच्या उतारावर येऊन पडलंय का, कुणास ठाऊक... वसंतात जाईन तेव्हा आधी तिथे थांबणार आहे. तो कॉफीवाला म्हातारा अजून असेल तर या वेळी त्याला सांगेन कुठे चाललोय ते, आणि तो मूळचा कुठला, हे विचारून घेईन.